कवी उदंड, संपादक थोडे
हिंगोली जिल्ह्यातली कविता आणि तिचे संग्रह : प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी. कवितेची अशी वाटणी झाली नाही. फ. मुं. शिंदे यांचं रूपूर कळमनुरी तालुक्यातलं, इंद्रजित भालेराव यांचं रिधोरा वसमत तालुक्यातलं. दोन्ही गावं आज हिंगोलीत मोडतात; पण हे दोघं लिहू लागले आणि गाजू लागले तेव्हा ती परभणीत होती. त्यामुळे जुने प्रातिनिधिक संग्रह उघडून कविपरिचयांत 'हिंगोली' शोधत बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही. मग कुणीतरी सहज बोलून जातं, या जिल्ह्याला कवितेची परंपरा कुठली? परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलेलं नरसी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्याबद्दल हे बोललं जातं.

तेव्हा आधी हा जिल्ह्याचा प्रश्न निकालात काढू. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो आणि बोलीत वऱ्हाडीचा हेल ऐकू येऊ लागतो. खरं तर तो नदीच्या अलीकडेच सुरू झालेला असतो. वसमतचा माणूस बाजाराला नांदेडकडे बघतो, सेनगावचा रिसोड-वाशीमकडे. कळमनुरीच्या डोंगराळ भागात आंध आदिवासींची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. निजामी अमलाचा वारसा म्हणून शहरांच्या बाजारपेठांत दखनी उर्दू आजही कानावर पडते. महसूल खात्यानं आखलेल्या या रेघेच्या आत 'एक' कविता सापडेल अशी अपेक्षा धरणंच चूक आहे. तरीही जिल्ह्याच्या नावानं संग्रह करावा, कारण संग्रह करणारी माणसं, वाचनालयं, महाविद्यालयं आणि कविसंमेलनं जिल्ह्याच्याच हिशेबानं चालतात. सोय म्हणून जिल्हा घ्यावा. ओळख म्हणून नको.

नामदेवांपासून सुरुवात करतो, आणि ती केवळ नमनाला घडाभर तेल म्हणून नव्हे. संग्रहाचे जेवढे प्रश्न आज आपल्याला पडतात ते सगळे त्यांच्या कवितेच्या वाट्याला येऊन गेलेले आहेत. परंपरा सांगते ती हकिकत अशी: कयाधूच्या काठचं नरसी, घराणं शिंप्याचं, आयुष्य पंढरपुरात, गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात, आणि उत्तरायुष्यात मुक्काम पार पंजाबात, घुमानला. म्हणजे हिंगोलीचा आद्य कवी हिंगोलीत राहिलाच नाही. त्याची कविताही राहिली नाही. नामदेवांची कविता ज्यांत नीट जपली गेली अशा जुन्या संकलनांतलं सर्वांत नावाजलेलं संकलन अमृतसरला झालं. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. ग्रंथाची मांडणी रागांनुसार. प्रत्येक रागात आधी गुरूंची रचना, मग भक्तांची, आणि ती कुणाची हे सांगणारा मथळा. चारशे वर्षांपूर्वीच्या एका संपादकानं ठरवलं की कुठली पदं घ्यायची, कुठल्या क्रमानं लावायची आणि कुणाच्या नावावर घालायची. नामदेवांच्या त्या पदांत त्यानंतर कुणी भर घातली नाही.

महाराष्ट्रात काय झालं? इथे नामदेवांची कविता कीर्तनकारांच्या बाडांत राहिली. बाड म्हणजे हातानं लिहिलेली, बहुधा लांबट आकाराची वही. कीर्तनकाराला उभं राहिल्यावर जे लागेल ते त्यात: या संताचा अभंग, त्या संताचं पद, मधे एखादं आख्यान, कडेला आठवणीसाठी टाचण. ख्रिश्चन ली नोव्हेट्झके या अमेरिकी अभ्यासकानं नामदेवांवरच्या २००८ च्या पुस्तकात या बाडांचा फार बारकाईनं विचार केला आहे. ही वही वाचण्यासाठी नसते, उभं राहून सादर करण्यासाठी असते, हा त्याचा मुद्दा आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराला न सांगता पटेल. पण बाडाची एक गोष्ट संपादकाला घाम फोडणारी आहे. 'नामा' ही मुद्रा लावून पुढच्या काळात इतरांनीही रचना केल्या. सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा हा त्यांतला ठळक. बाड लिहिणाऱ्याला हा नामा कोणता याच्याशी कर्तव्य नव्हतं. अभंग रंगला म्हणजे झालं. छापील गाथा निघू लागल्या तेव्हा हे सगळे नामे एका मुखपृष्ठाखाली आले. १९७० मध्ये महाराष्ट्र शासनानं काढलेल्या गाथेतही, इतके जाणकार कामाला लागूनसुद्धा, दोन हजारांवरच्या अभंगांतले नेमके कुणाचे किती हा वाद मिटला नाही.

एक संग्रह बांधेसूद, दुसरा घरभर पसरलेला. पहिल्यात कवी सापडतो, दुसऱ्यात त्याची माणसंही सापडतात. गोणाई, राजाई, जनाबाई यांच्या नावावरचे अभंग आपल्यापर्यंत आले ते या पसाऱ्यामुळेच. मला स्वतःला दुसरा प्रकार जास्त जवळचा वाटतो, पण त्याची किंमतही ठाऊक असावी.

मधली काही शतकं मी भराभर ओलांडतो. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, छापखाने दूर, मराठी पुस्तक हाती येणं अवघड. त्या काळातही परभणीत बी. रघुनाथ आणि नांदेडात वा. रा. कांत लिहीत होते. दोघेही १९१३ चे. आजच्या हिंगोलीच्या दोन्ही अंगांना हे दोन कवी होते आणि मधल्या टापूतल्या लिहित्या पोरांनी, स्वातंत्र्यानंतरही, त्यांच्याकडेच पाहिलं. पुढे १९६७ मध्ये ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता' आलं. मराठवाड्यात शेतीत राहून लिहिता येतं, इतकंच नव्हे तर मुंबई-पुण्यानं ते वाचावं असं लिहिता येतं, हे त्या पुस्तकानं दाखवलं.

आता रूपूर आणि रिधोरा या दोन गावांकडे येऊ. फ. मुं. शिंदे यांना ग्रामीण कवी म्हणणं अवघड आहे. त्यांची कविता बोलते, चिमटे काढते, शब्दाला उलटा करून पाहते, सत्तेची टर उडवते. त्यांची 'आई' ही कविता शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून मंगल कार्यालयांपर्यंत इतकी म्हटली गेली आहे की पुष्कळांना तिचा कवी ठाऊक नसतो, आणि असलाच तर तो कळमनुरी तालुक्यातला हे ठाऊक नसतं. आयुष्य गेलं औरंगाबादेत प्राध्यापकी करण्यात. इंद्रजित भालेराव मात्र रिधोऱ्यातून निघून परभणीला प्राध्यापक झाले तरी कवितेत गावातच राहिले. १९८९ च्या 'पीकपाणी'पासून कुणबी, त्याची बायको, त्याचे बैल आणि त्याचं कर्ज यांच्यापासून ती ढळली नाही. 'कुळंबिणीची कहाणी' लिहिताना त्यांनी बाईच्या कष्टाला बाईच्याच लयीत बसवलं. ही लय पुस्तकातली नव्हे. जात्यावरची, भजनातली, भलरीतली. म्हणून त्यांची कविता सभेत ऐकताना समोरचा शेतकरी मान डोलावतो आणि वर्गात शिकवताना मास्तर अडखळतो.

एका जिल्ह्याचे हे दोन कवी शेजारी ठेवले की 'प्रादेशिक कविता' या शिक्क्यात दोघं मावत नाहीत हे ध्यानात येतं. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याला बाहेर काढावं लागतं, आणि मराठीतल्या मोठ्या संकलनांनी बहुतेक वेळा हेच केलेलं दिसतं. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि नांगर, एवढीच कविता निवडायची. हसणारा, टवाळी करणारा मराठवाडा मग निवडीतच येत नाही.

जाता जाता एक गंमत. सासवडला जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या ८७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ. मुं. होते, आणि लगेच पुढचं ८८ वं संमेलन एप्रिल २०१५ मध्ये नामदेवांच्या नावानं घुमानला भरलं. लागोपाठच्या दोन संमेलनांना हिंगोलीचं निमित्त होतं. हिंगोलीत दोन्हीपैकी एकही झालं नाही, हा भाग वेगळा.

आज लिहिणारे किती आहेत? उदंड आहेत. शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, बियाण्यांच्या दुकानावर बसणारे आहेत, महाविद्यालयातल्या मुली आहेत. गझल लिहिणारे तर बोलायलाच नको. त्यांचं पहिलं छापील पान बहुधा कुठल्या तरी प्रातिनिधिक संग्रहातलं असतं. हा प्रकार कसा चालतो ते वाचकाला माहीत असावं. व्हॉट्सअॅपवर निवेदन येतं: दोन कविता, एक फोटो, पाच ओळींचा परिचय आणि सहभाग शुल्क पाठवा, पुस्तकाला आयएसबीएन असेल, प्रकाशन समारंभात सन्मानपत्र आणि दोन प्रती मिळतील. पैसे देणाऱ्या प्रत्येकाची कविता येते, कारण तिला नकार द्यायचा तर पैसेही परत करावे लागतील. पुस्तक निघतं, शाल-श्रीफळ होतं. शाळेच्या शेवटच्या दिवशीच्या गटफोटोत जो तो स्वतःला शोधतो, तसा प्रत्येक कवी आपलं पान उघडतो आणि पुस्तक मिटतो.

यात कवींना दोष देण्यात अर्थ नाही. जवळपास प्रकाशक नाही, असला तर तो कवितासंग्रहाला हात लावत नाही, आणि स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढायचं तर एका हंगामाचा पैसा जातो. शुल्क भरून दोन पानं मिळवणं त्या मानानं शहाणपणाचंच आहे. पण ज्याला संपादक म्हणून मुखपृष्ठावर नाव हवं आहे त्याला जाब विचारलाच पाहिजे. त्यानं किती कविता परत केल्या? एखाद्या कवीला 'ही नको, ती दुसरी द्या' असं कितीदा म्हटलं? हे केलेलं नसेल तर त्यानं कविता फक्त जमा केल्या आहेत.

दुसरा दोष याहून जास्त छळतो, आणि तो चांगल्या हेतूनं होतो. बोलीतली कविता छापताना मुद्रितशोधक तिला 'शुद्ध' करतो. मी इथे एक ओळ रचून दाखवतो: 'बापासंगं गेल्तो रानी'. मोजा, आठ अक्षरं. ओवी-अभंगाच्या अष्टाक्षरीत ती सहज बसते. आता तिची दुरुस्ती पाहा: 'बापासोबत गेलो होतो रानात'. अक्षरं झाली बारा. 'गेल्तो' दोन अक्षरांचा होता, 'गेलो होतो' चार अक्षरांचा झाला आणि लय गेली. पुढच्या ओळी मूळच्याच आठ अक्षरांच्या राहतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं कवीला छंदाचं अंग नाही. कवी बिचारा छापलेलं पाहून गप्प बसतो, कारण लहानपणापासून त्याला हेच सांगितलेलं असतं की तो बोलतो ते अशुद्ध आहे. जिल्ह्याच्या संग्रहानं एवढं एक पथ्य पाळलं, कवीनं लिहिलं तसं छापलं, आणि शेवटी दोन पानांचा शब्दार्थ दिला, तरी पुष्कळ काम होईल. तांड्यातल्या गोरमाटी कवितेला तर हे पथ्य दुप्पट लागू. वीरा राठोड यांच्या 'सेन सायी वेस'ला २०१५ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा तांड्यातल्या कवितेची मराठीला दखल घ्यावी लागली. कळमनुरी-सेनगावच्या तांड्यांवर होळीला म्हटल्या जाणाऱ्या लेंगी मात्र अजून कुणाच्या वहीत उतरल्या असतील तेवढ्याच.

विषयांबद्दलही थोडं. वसमत आणि हिंगोलीचा बाजार आज हळदीवर उभा आहे. 'वसमत हळदी'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या पिकाला जवळजवळ नऊ महिने लागतात. मृगाच्या आगेमागे बेणं लागतं, माघ-फाल्गुनात पाला कापून काढणी होते. मग बायका ओळीनं बसून गड्ड्यांवरची माती झाडतात, हळकुंडं मोडून वेगळी करतात. कुकरमधून वाफाळतं पीक बाहेर येतं, पंधरवडाभर उन्हात पडतं, ढोलात घासलं जातं आणि मग मोंढ्यात जातं. बोटांचा पिवळेपणा कितीतरी दिवस जात नाही. कापूस आणि ज्वारी कवितेत भरपूर आली. हळद मात्र कवितेत आली की लग्न येतं. मोंढ्यातला भाव येत नाही, दिवसभर बसून आखडलेले गुडघे येत नाहीत. माझ्या वाचनात तरी फार थोड्यांनी हे लिहिलं आहे. तसंच औंढ्याजवळच्या दुधाळ्याचं. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. केंद्रानं २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आकाशाचे सूक्ष्म हेलकावे मोजले जाणार आहेत. असा विषय दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या कवीला आयता मिळालेला नाही, आणि तरी आपण अजून तोच बैल आणि तोच पाऊस गिरवत आहोत. बैल राहिलेत तरी किती?

बायकांच्या कवितेचा प्रश्न वेगळा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापून आली, ती सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी ऐकताना उतरवून ठेवली म्हणून. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना त्या पुस्तकाला लाभली हे सगळे सांगतात. पण त्याआधी कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं होतं. खानदेशात ते घडलं. हिंगोलीत कुणाच्या घरी घडलं असेल तर ते घराच्या बाहेर आलेलं नाही.

हे काम कसं करावं याचा धडा हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी घालून दिला आहे. पुण्यातून सुरू झालेल्या त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. मराठवाड्यातही ते पोचलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत. पुढे 'पारी'नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं, ते लोकांसमोर आणलं. या संकलनाचा आकडा सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट थोर वाटते: ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. 'लोकगीत' म्हणून हजारो ओळी आपण निनावी करून टाकल्या होत्या. इथे ओवीला पुन्हा म्हणणारी मिळाली. आदिग्रंथाच्या मथळ्यांत जे झालं आणि आपल्या बाडांत जे राहून गेलं, ते हेच.

घरोघरी पीठगिरणीतून दळून आणायला लागल्याला आता दोन पिढ्या होत आल्या. जात्यावर बसून ओव्या म्हटलेल्या बायका सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कवींची पुस्तकं पुढेमागे निघतील, त्यांना कुणी ना कुणी प्रस्तावना लिहील. या ओव्यांना तेवढी सवड नाही.

म्हणून हिंगोली जिल्ह्याच्या कवितेचा संग्रह करायला जे पुढे येतील त्यांना माझं सांगणं एवढंच की आधी थोडे कवी घ्या, पण प्रत्येकाच्या पाच-सहा कविता घ्या. एका कवितेवरून कवी कळत नाही. कविता कधी लिहिली ते साल विचारून छापा. गाव छापा, आणि १९९९ च्या आधीची असेल तर तेव्हाचा जिल्हाही. बोलीला हात लावू नका. परत केलेल्या कवितांच्या कवींना कारण कळवा. ते रागावतील, पण पुढची कविता जपून पाठवतील. आणि वाचकांना विनंती अशी: नरसी असो, सेनगाव असो, आखाडा बाळापूर असो, तुमच्या घरात आजीच्या ओव्यांची वही, वडिलांच्या भजनांचं बाड किंवा मोबाइलमध्ये कुणाचं गाणं साठवलेलं असेल, तर आजच त्यावर नाव, गाव आणि साल घाला. आजी अजून हिंडत-फिरत असेल तर वहीसाठी थांबू नका, तिच्यापाशी बसा आणि उतरवून घ्या.